हवामान बदल, मूलभूत हक्क आणि संविधानिक संयम : माळढोक खटल्याच्या निमित्ताने एक विवेचन

सारांश :
सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी माळढोक पक्ष्याच्या संरक्षणासंबंधीच्या याचिकेत निर्णय देताना हवामान बदलाच्या प्रतिकूल परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १४ व २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे प्रतिपादन केले. प्रस्तुत लेखात या निर्णयाचा अर्थ, त्यावर संयमवादी विचारदृष्टीतून घेतले जाणारे आक्षेप आणि त्या आक्षेपांच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. सोलापूर जिल्ह्यातील माळढोक अभयारण्याचा अनुभव या विवेचनाचा आधार म्हणून घेतला आहे. हक्काची घोषणा ही संरक्षणाची सुरुवात असू शकते, परंतु कायदा, स्थानिक संमती आणि उत्तरदायी संस्था यांच्या अभावी ती कागदावरच राहते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : हवामान बदल, अनुच्छेद २१, न्यायालयीन सक्रियता, सत्ताविभाजन, संयमवाद, माळढोक, माळरान.

प्रस्तावना :
पदवी वर्गात मूलभूत हक्कांचे प्रकरण शिकवीत असताना उपरोक्त निर्णयाचा उल्लेख केला असता उत्तर सोलापूर तालुक्यातील एका विद्यार्थ्याने प्रश्न विचारला, "सर, हा हक्क मिळाला तर तो मागायचा कोणाकडे? तहसीलदाराकडे, वन खात्याकडे की थेट दिल्लीला?" वर्गात हशा पिकला. तथापि प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ज्या विद्यार्थ्याच्या गावाने दुष्काळ, अवकाळी पाऊस आणि अभयारण्याचे निर्बंध हे तिन्ही अनुभवले आहेत, त्याच्या तोंडून आलेला तो संविधानशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न होता. हक्क कोणाविरुद्ध, कोणत्या कायद्यान्वये आणि कोणत्या यंत्रणेमार्फत बजावला जाणार, हे स्पष्ट झाल्याशिवाय हक्काची चर्चा पूर्ण होत नाही. याच प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

लेखाची उद्दिष्टे :
१) हवामान बदलविषयक हक्काची संविधानिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) माळढोक खटल्याचा २०१९ ते २०२५ या काळातील प्रवास समजून घेणे.
३) न्यायालयाच्या भूमिकेवरील संयमवादी आक्षेपांचे परीक्षण करणे.
४) सोलापूर जिल्ह्याच्या अनुभवाच्या आधारे काही निष्कर्ष मांडणे.

१. संयमवादी दृष्टी म्हणजे काय?
राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या विचारप्रणालीला 'पुराणमतवाद' असे म्हटले जाते. मराठीत या शब्दाला निंदेची छटा आहे. जुन्या रूढींना चिकटून राहणारा तो पुराणमतवादी, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ घेतला जातो. येथे मात्र विवक्षित अर्थ वेगळा असल्याने 'संयमवाद' हा शब्द योजला आहे. अठराव्या शतकातील ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्क याने १७९० मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर भाष्य करताना समाज हा केवळ आज हयात असलेल्यांचा नसून पूर्वज, वर्तमान पिढी आणि अद्याप न जन्मलेली पिढी यांच्यातील भागीदारी आहे, असा विचार मांडला. या विचारातून तीन सूत्रे निघतात. पहिले, दीर्घ अनुभवातून उभ्या राहिलेल्या संस्था एका फटकाऱ्यात बदलू नयेत. दुसरे, कोणाही एका व्यक्तीचे वा संस्थेचे ज्ञान अपुरे असते. तिसरे, वर्तमान पिढी ही वारशाची मालक नसून विश्वस्त आहे.

महाराष्ट्राला ही दृष्टी अपरिचित नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी सामाजिक सुधारणा परंपरेशी नाते न तोडता, क्रमाक्रमाने व्हावी अशी भूमिका घेतली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे कोणत्याही अर्थाने पुराणमतवादी नव्हते. तथापि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी संविधानिक नीतिमत्तेचा केलेला आग्रह आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधानिक मार्ग उपलब्ध असताना असंविधानिक मार्ग अनुसरण्याविरुद्ध दिलेला इशारा यांतून संस्थात्मक संयमाचे महत्त्वच अधोरेखित होते. साध्य कितीही उदात्त असो, त्याचा मार्ग कोणता, हा प्रश्न उरतोच.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हवामान बदल होतच नाही असे म्हणणे म्हणजे संयमवाद नव्हे. पृथ्वीच्या तापमानवाढीस मानवी कृती कारणीभूत असल्याचे आंतरशासकीय हवामान बदल समितीच्या २०२१ च्या अहवालाने निःसंदिग्धपणे सांगितले आहे. ब्रिटनच्या हुजूर पक्षाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी १९८९ मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या संकटाकडे जगाचे लक्ष वेधले होते. पुढे त्याच विचारधारेतील काही पक्षांनी वेगळी दिशा घेतली. अमेरिका २०२५ मध्ये दुसऱ्यांदा पॅरिस करारातून बाहेर पडण्याच्या मार्गाला लागली आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या हुजूर पक्षाच्या नेत्या केमी बेडनॉक यांनी २००८ चा हवामान बदल कायदा रद्द करण्याची भूमिका जाहीर केली. ही भूमिका संयमवादाची अपरिहार्य परिणती आहे असे मानण्याचे कारण नाही. वारसा जपणे हे ज्या विचाराचे पहिले तत्त्व आहे, त्याने हवा, पाणी आणि जमीन यांनाच वारशातून वगळावे, हे तर्कसंगत ठरत नाही. मतभेदाचा खरा मुद्दा संकट आहे की नाही हा नसून त्यावरील निर्णय कोणी आणि कोणत्या पद्धतीने घ्यावा, हा आहे.

२. अनुच्छेद २१ चा विस्तार
संविधानकर्त्यांनी अनुच्छेद २१ ची शब्दयोजना अत्यंत विचारपूर्वक केली होती. संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव यांनी अमेरिकेच्या भेटीत न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांच्याशी चर्चा केली आणि अमेरिकी संविधानातील 'विहित न्याय्य प्रक्रिया' या संकल्पनेमुळे लोकनियुक्त विधिमंडळावर न्यायाधीशांची अतिरिक्त सत्ता प्रस्थापित होते, असे मत बनवले. परिणामी 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' ही शब्दयोजना स्वीकारण्यात आली. १९५० च्या ए. के. गोपालन खटल्यात न्यायालयाने तिचा मर्यादित अर्थ लावला. १९७८ च्या मनेका गांधी खटल्यानंतर मात्र ती कार्यपद्धती न्याय्य, उचित व वाजवी असली पाहिजे असा अर्थ रूढ झाला आणि जीविताच्या हक्काचा परीघ विस्तारत गेला.

पर्यावरणाच्या क्षेत्रात हा विस्तार विशेष दिसून येतो. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४८-क आणि ५१-क (छ) यांचा समावेश झाला, तसेच वने व वन्यजीव हे विषय समवर्ती सूचीत आले. आणीबाणीच्या काळातील याच दुरुस्तीवर सत्तेच्या केंद्रीकरणासाठी तीव्र टीका होते, आणि पर्यावरणविषयक न्यायनिर्णयांचा पायाही तीच आहे, ही बाब लक्षणीय आहे. १९९१ मध्ये सुभाष कुमार खटल्यात प्रदूषणमुक्त पाणी व हवा यांचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये असल्याचे मान्य झाले. १९९६ च्या वेल्लोर खटल्यात सावधगिरीचे तत्त्व आणि 'प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी' हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग ठरले. त्याच वर्षी कमलनाथ खटल्यात नैसर्गिक साधनसंपत्तीबाबत राज्यसंस्था ही जनतेची विश्वस्त आहे, असा सिद्धांत स्वीकारला गेला. २०२४ चा निर्णय हा या मालिकेतील पुढचा टप्पा आहे. तो ज्या पक्ष्याच्या निमित्ताने आला, त्या पक्ष्याशी सोलापूरचे नाते जुने असल्याने प्रथम त्याचा विचार करू.

३. नान्नजचा माळ : एका अभयारण्याचा अनुभव
सोलापूर शहरापासून बार्शी रस्त्याने उत्तरेस गेल्यावर नान्नजचा माळ लागतो. सत्तरच्या दशकाच्या आरंभी सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी येथील माळढोकांच्या अस्तित्वाकडे लक्ष वेधले. हाच काळ १९७२ च्या भीषण दुष्काळाचा होता. पुढे अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमांतर्गत या भागात गवताळ पट्टे राखले गेले आणि त्यांचा माळढोकाला आसरा मिळाला. दुष्काळ निवारणासाठी राखलेल्या गवतात एक दुर्मीळ पक्षी तगून राहिला, ही घटना पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

१९७९ मध्ये शासनाने माळढोक अभयारण्य घोषित केले. त्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते. सोलापूर जिल्ह्याचे संपूर्ण भौगोलिक क्षेत्र सुमारे १४,९०० चौरस किलोमीटर आहे, हे लक्षात घेतल्यास या आकड्याचा आवाका ध्यानात येतो. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि तत्कालीन अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील कर्जत, श्रीगोंदे, नेवासे या तालुक्यांतील गावेच्या गावे त्यात आली. त्यांत प्रत्यक्ष वनजमीन अल्प होती. बहुतांश क्षेत्र खासगी मालकीची शेती, गायराने आणि गावठाणे यांचे होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यातील लोकांच्या हक्कांची चौकशी जिल्हाधिकाऱ्यांनी करणे अभिप्रेत असते. इतक्या विस्तीर्ण आणि दाट लोकवस्तीच्या क्षेत्रात ती कशी व्हावी, हा प्रश्न अधिसूचनेने सुटला नाही. जमिनीचे व्यवहार, बिगरशेती परवाने, उद्योग आणि सार्वजनिक कामे यांवर निर्बंधांची छाया पडली. ज्या पक्ष्याविषयी गावकऱ्यांच्या मनात वैर नव्हते, तो पक्षी 'आमची जमीन अडवणारा' म्हणून ओळखला जाऊ लागला.

दुसरीकडे, उजनी धरणाचे पाणी आले तसे पीकपद्धती बदलली. ज्वारी, करडई आणि गवत यांच्या जागी ऊस आला आणि सोलापूर हा राज्यातील आघाडीचा साखर उत्पादक जिल्हा बनला. माळढोक हा मोकळ्या माळरानाचा पक्षी आहे. उघड्या जमिनीवर मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालते. उसाचे फड, कालवे, तारांची कुंपणे आणि भटकी कुत्री यांच्या गर्दीत त्याला जागा उरली नाही. पुढे अभयारण्याच्या सीमांचे सुसूत्रीकरण होऊन क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोपर्यंत नान्नजमधील माळढोकांची संख्या नगण्य झाली होती. अलीकडच्या काळात एखादा पक्षी दिसला तरी ती वृत्तपत्रांची बातमी होते.

या अनुभवाचा अर्थ काय? कागदावरचे ८,४९६ चौरस किलोमीटर माळढोकाला वाचवू शकले नाहीत. दुष्काळी कार्यक्रमातील मर्यादित, पण प्रत्यक्ष राखलेल्या गवती पट्ट्यांनी मात्र त्याला काही दशके आधार दिला. संरक्षणाची व्याप्ती आणि संरक्षणाची परिणामकारकता या दोन भिन्न गोष्टी आहेत. हक्काच्या चर्चेतही हाच भेद उपयोगी पडतो.

४. माळढोक खटला : २०१९ ते २०२५
देशात माळढोकांची संख्या दीडशेच्या आसपास उरली असून त्यांतील बहुसंख्य राजस्थानात आहेत. हा पक्षी वजनाने जड आहे आणि त्याला समोरचे स्पष्ट दिसत नाही. त्यामुळे उडताना विजेच्या उच्चदाब तारांवर आदळून त्याचा मृत्यू होतो. या पार्श्वभूमीवर ज्येष्ठ वन्यजीवतज्ज्ञ एम. के. रणजितसिंह व इतरांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. १९ एप्रिल २०२१ रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने राजस्थान व गुजरातमधील सुमारे ९९,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात उन्नत विद्युतवाहिन्यांवर निर्बंध घातले. शक्य तेथे त्या भूमिगत कराव्यात आणि तोवर पक्ष्यांना तारा दिसाव्यात अशी साधने बसवावीत, असे निर्देश दिले.

केंद्र शासनाने या निर्देशांत बदल करण्याची विनंती केली. उच्चदाब वाहिन्या इतक्या लांब अंतरावर भूमिगत करणे तांत्रिकदृष्ट्या व्यवहार्य नाही. शिवाय हेच क्षेत्र देशातील सौर व पवन ऊर्जेचे प्रमुख केंद्र असून २०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म क्षमता आणि २०७० पर्यंत शून्य निव्वळ उत्सर्जन ही भारताची उद्दिष्टे त्यावर अवलंबून आहेत, असा शासनाचा युक्तिवाद होता. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्यायमूर्ती जमशेद पारडीवाला व न्यायमूर्ती मनोज मिश्रा यांच्या खंडपीठाने २१ मार्च २०२४ रोजी सरसकट निर्बंध मागे घेतले आणि क्षेत्रनिहाय विचारासाठी तज्ज्ञ समिती नेमली. याच निर्णयात हवामान बदलाच्या प्रतिकूल परिणामांविरुद्धच्या हक्काची मांडणी करण्यात आली. स्वच्छ व स्थिर पर्यावरणाशिवाय जीविताचा हक्क पूर्ण होत नाही, म्हणून अनुच्छेद २१. आणि दुष्काळ, उष्णता, पूर यांचा भार गरीब व वंचित घटकांवर विषम प्रमाणात पडतो, म्हणून अनुच्छेद १४, असा हा तर्क आहे. हवामान बदलासंबंधी देशात एकच असा सर्वसमावेशक कायदा नाही, हेही न्यायालयाने नमूद केले.

१९ डिसेंबर २०२५ रोजी न्यायमूर्ती पी. एस. नरसिंह व न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्या खंडपीठाने समितीच्या शिफारशी मान्य करून राजस्थानात १४,०१३ आणि गुजरातमध्ये ७४० चौरस किलोमीटरचे सुधारित प्राधान्य क्षेत्र निश्चित केले. या क्षेत्रापुरते नव्या विद्युतवाहिन्या, पवनचक्क्या व मोठे सौर प्रकल्प यांवर निर्बंध आणि काही विद्यमान वाहिन्या भूमिगत करण्याचे कालबद्ध निर्देश देण्यात आले.

म्हणजे ९९,००० चौरस किलोमीटरपासून सुरू झालेला प्रवास सुमारे १४,७५० चौरस किलोमीटरवर येऊन स्थिरावला. सोलापूरच्या ८,४९६ आणि १,२२२ या आकड्यांशी असलेले त्याचे साम्य उघड आहे. आणखी एक बाब अभ्यासकांनी ध्यानात घ्यावी. पक्ष्याच्या रक्षणासाठी दाखल झालेल्या याचिकेत हवामान बदलाचा हक्क उदयास आला, आणि त्या हक्काचा पहिला प्रत्यक्ष उपयोग पक्ष्यासाठी घातलेले निर्बंध शिथिल करण्याच्या समर्थनार्थ झाला. हा निर्णय चुकीचा होता असे यावरून सिद्ध होत नाही. मात्र हवामानाचा हक्क हा आपोआप निसर्गाच्या बाजूने झुकतोच असे नाही, एवढे निश्चित.

५. संयमवादी आक्षेप
पहिला आक्षेप लोकसंमतीचा आहे. कोळसा किती जाळावा, सौरऊर्जेला किती जमीन द्यावी, विजेचा दर कोणी सोसावा, हे लाभ-हानीच्या वाटपाचे प्रश्न आहेत. फताटेवाडी येथील एनटीपीसीच्या १,३२० मेगावॉटच्या औष्णिक प्रकल्पाचे उदाहरण घ्यावे. त्यातून वीज व रोजगार मिळतो, त्यासाठी उजनीचे पाणी लागते आणि त्यातून उत्सर्जनही होते. या तिन्हींचा मेळ घालण्याचे काम मतदारांना उत्तरदायी असलेल्या संस्थांनी करावे, असा हा आक्षेप आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया खटल्यात, अशा मोठ्या आर्थिक-राजकीय प्रश्नांवर प्रशासकीय यंत्रणेला काँग्रेसने स्पष्ट अधिकार दिलेला असला पाहिजे, अशी भूमिका घेतली. तेथे प्रश्न प्रशासनाचा होता. परंतु निर्णयाचा अधिकार विधिमंडळाकडून यावा हे तत्त्व समान आहे.

दुसरा आक्षेप ज्ञानाच्या मर्यादेचा आहे. २०२१ च्या आदेशाचा २०२४ मध्ये न्यायालयालाच फेरविचार करावा लागला, यातच त्याचा पुरावा आहे. न्यायालयासमोर येणारे चित्र पक्षकारांच्या कागदपत्रांपुरते मर्यादित असते. माळावरच्या मेंढपाळाला, वीज मंडळाच्या अभियंत्याला आणि पक्षितज्ज्ञाला जे ठाऊक असते, ते एकत्र येण्यास न्यायालयाखेरीज अन्य व्यासपीठ लागते.

तिसरा आक्षेप अंमलबजावणीचा आहे. हक्क जितका व्यापक, तितका तो बजावणे कठीण. हवामान बदलास जगातील असंख्य घटक कारणीभूत आहेत. मग प्रतिवादी कोण? माढ्याच्या शेतकऱ्याची द्राक्षबाग अवकाळी पावसाने गेली, तर त्याने या हक्कान्वये कोणाकडे दाद मागावी? हक्कांची यादी वाढत जाते आणि त्यांची पूर्तता मात्र होत नाही, तेव्हा संविधानावरील विश्वासच क्षीण होतो. उपरोक्त विद्यार्थ्याचा प्रश्न नेमका हाच होता.

६. आक्षेपांच्या मर्यादा
हे आक्षेप वजनदार असले तरी त्यांना मर्यादा आहेत आणि त्या मान्य करणे हे प्रामाणिक विवेचनाचे अंग आहे.

लोकसंमतीचा आग्रह धरताना विधिमंडळाने मौन धारण केले असेल तर काय, याचे उत्तर द्यावे लागते. भारताने पॅरिस करारावर २०१६ मध्ये स्वाक्षरी केली. आंतरराष्ट्रीय करारांच्या अंमलबजावणीसाठी कायदा करण्याचा अधिकार अनुच्छेद २५३ ने संसदेला दिला असून पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ हा त्याच अधिकाराचे उदाहरण आहे. तरीही हवामानविषयक सर्वसमावेशक कायदा झालेला नाही. २०१० मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण स्थापन झाले. परंतु त्याच्या अधिकारक्षेत्रातील कायद्यांच्या अनुसूचीत वन्यजीव अधिनियम नाही. रिकामी जागा राहिली की नागरिक न्यायालयाकडे वळणारच.

दुसरी मर्यादा काळाची आहे. क्रमाक्रमाने, अनुभवातून शिकत जावे हे सूत्र जेथे चूक दुरुस्त करता येते तेथेच लागू पडते. नामशेष झालेली प्रजाती परत येत नाही. जैसलमेर जिल्ह्यातील प्रजनन केंद्रांत माळढोकाची पिल्ले वाढवली जात आहेत, ही आशेची बाब आहे. परंतु त्यांना सोडण्यासाठी माळरानच उरले नाही तर तो प्रयत्न अपुरा ठरेल. जे परत मिळवता येत नाही त्याबाबत अधिक सावध असणे, हे खरे तर संयमवादाचेच तत्त्व आहे. या दृष्टीने २०२१ चे खंडपीठ आणि बर्क एकमेकांपासून फार दूर नाहीत.

तिसरी मर्यादा तुलनात्मक अभ्यासातून स्पष्ट होते. जर्मनीच्या संविधानिक न्यायालयाने २०२१ मध्ये तेथील हवामान कायद्यातील काही तरतुदी असंविधानिक ठरवल्या. २०३० नंतरचा भार पुढील पिढ्यांवर ढकलल्याने त्यांच्या स्वातंत्र्याचा संकोच होतो, असे कारण न्यायालयाने दिले. संसदेने त्याच वर्षी कायद्यात सुधारणा केली. तेथे न्यायालयाने कायद्याची जागा घेतली नाही. असलेल्या कायद्याला संविधानाच्या कसोटीवर तपासले आणि दुरुस्तीचे काम संसदेकडे सोपवले. आपल्याकडे तपासण्यासाठी कायदाच नाही. म्हणून दोष केवळ न्यायालयीन सक्रियतेचा नाही, तो विधिमंडळाच्या निष्क्रियतेचाही आहे.

७. सोलापूरच्या संदर्भात काही विचार
वरील विवेचनाचा स्थानिक अर्थ शोधताना माळरानाकडे पाहण्याच्या दृष्टीचा विचार करावा लागतो. शासकीय दप्तरात गवताळ माळ बहुधा 'पडीक' या सदरात मोडतो. पडीक म्हणजे निरुपयोगी, म्हणून तो कशासाठीही उपलब्ध, असा समज त्यातून होतो. पूर्वी तेथे कालवा व ऊस आला, नंतर वृक्षलागवड आली, आता सौर प्रकल्प येत आहेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शासकीय व गायरान जमिनींचा वापर केला जातो. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा तिचा हेतू योग्यच आहे. परंतु गायरान हे गावाच्या गुरांचे कुरण आणि अनेक पक्षिप्राण्यांचे घर असते, याचा हिशेब कोणी मांडायचा? सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींचे महत्त्व सांगून त्यांवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश दिले होते. तो विचार सौर प्रकल्पांच्या काळात अधिकच प्रस्तुत ठरतो.

सोलापूरला सामाईक साधनसंपत्ती जपण्याची परंपरा आहे. शहराच्या मध्यभागी असलेले तळे बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांच्या लोककार्याशी जोडले जाते. एकरूख तलाव एकोणिसाव्या शतकातला आहे. अल्प पावसाच्या या प्रदेशात पाणी आणि गवत यांची राखण हाच जगण्याचा आधार होता. हवामान बदलाशी जुळवून घेण्याची चर्चा आज नव्या परिभाषेत होत असली तरी तिचा आशय येथील लोकांना नवा नाही.

निष्कर्ष :
१) २०२४ च्या निर्णयाने हवामान बदलाच्या प्रश्नाला मूलभूत हक्काचे अधिष्ठान दिले. तथापि हा हक्क बजावण्याची कार्यपद्धती अद्याप कायद्याने निश्चित झालेली नाही.
२) संयमवादी आक्षेप हवामान बदल नाकारत नाहीत, ते निर्णयप्रक्रियेच्या वैधतेकडे लक्ष वेधतात. नाकारण्याची भूमिका आणि ही भूमिका यांत फरक करणे आवश्यक आहे.
३) १९७९ ची अधिसूचना आणि २०२१ चा आदेश या दोहोंत व्याप्ती मोठी व पूर्वतयारी अपुरी होती. दोहोंचाही पुढे संकोच झाला.
४) संसदेने अनुच्छेद २५३ अन्वये हवामानविषयक चौकट कायदा करावा. त्यात उत्तरदायी यंत्रणा, मुदती आणि ग्रामसभेचे स्थान स्पष्ट असावे.
५) माळरानांना 'पडीक' या सदरातून वगळून स्वतंत्र परिसंस्था म्हणून नोंदवावे आणि सौर प्रकल्पांसाठी जागा निवडताना या नोंदीचा आधार घ्यावा.

समारोप :
न्यायालयाने हक्क सांगितला, हे त्याचे कार्य झाले. तो हक्क गावापर्यंत पोहोचवण्याचे कार्य संसद, विधिमंडळ, जिल्हा प्रशासन आणि ग्रामसभा यांचे आहे. नान्नजच्या माळावर कायदा होता, अधिसूचना होती, नकाशाही होता. गवत राखण्यात आपला वाटा आणि आपला लाभ आहे, ही लोकांची भावना तेवढी नव्हती. ती निर्माण न झाल्याने माळढोक गेला आणि शेतकऱ्याच्या मनात कायद्याविषयी कटुता मात्र राहिली. हवामानाच्या हक्काचे असे होऊ नये. 'मागायचा कोणाकडे?' या प्रश्नाला आज वर्गात निश्चित उत्तर देता येत नाही. ते उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडेल अशी व्यवस्था निर्माण होणे, ही या निर्णयाची खरी फलश्रुती ठरेल.